बटणांचा फुटबॉल आणि बाबांचा कोट

तुम्ही विचारलंय, लहानपणी टेबलावरचा फुटबॉल खेळायचात का, कोणता, आणि आता मुलासाठी तसा सेट घ्यावा का. सेटचं आधी सांगून टाकतो: विकत काही घेण्याआधी घरातला कॅरम काढा आणि थोडी बटणं आणा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे.

दांड्या फिरवायचा फुसबॉल आमच्या वाट्याला लहानपणी आलाच नाही. आम्ही वाशीत, सिडकोच्या जेएन टाइपच्या बिल्डिंगीत राहायचो. लोकल अजून वाशीत पोचायची होती (ती आली १९९२ला), त्यामुळे खेळणी घ्यायला मुंबईत जायचं म्हणजे खाडीपुलावरून बस आणि अर्धा दिवस. मे महिन्यात दुपारी बाहेर खेळायला बंदी. घरात दोनच गोष्टी मुबलक होत्या. एक कॅरम, आणि दुसरी आईच्या शिलाई मशीनखालचा डालड्याचा डबा. आई शेजारच्या बायकांचे ब्लाऊज, पोरींचे फ्रॉक शिवायची. जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली सगळी बटणं त्या डब्यात.

कॅरमवर फुटबॉल हे डोकं कुणाचं, यावर शेजारचा मित्र आणि मी अजून भांडतो. मधलं वर्तुळ आयतंच होतं. मैदान चौरस झालं, पण त्यामुळे चार कोपऱ्यांना चार भोकं मिळाली: चेंडू भोकात गेला की कॉर्नर, नाहीतर गोल-किक, शेवटचा कुणाच्या बटणाला लागला त्यावर. चेंडू म्हणजे शर्टाचं पांढरं बटण. आधी वाळका वाटाणा घेतला होता, तो दर दोन मिनिटांनी कपाटाखाली जायचा. खेळाडू कोटाची, स्वेटरची मोठी बटणं, सात-सात. अकरा ठेवली की दादर स्टेशन व्हायचं. गोलचे खांब सोंगट्यांचे. गोली म्हणजे उभी काडेपेटी, आत चार-चार आण्यांची नाणी, नाहीतर नुसत्या धक्क्याने गोलीच जाळ्यात. आपल्या बटणाला टिचकी मारायची, ते चेंडूला लागलं की पुन्हा आपलीच पाळी, चुकलं की समोरच्याची. आणि पावडर बेताची. जास्त टाकली की बचावपटू थेट स्वतःच्या गोलात.

बटणांचेही स्वभाव असतात, हे तुम्हाला दोन मॅचमध्येच कळेल. तळ सपाट असलेलं सरळ जातं. खालून फुगीर असलेलं स्वतःभोवती गिरकी घेतं आणि भलतीकडेच निघतं. असलं एक आम्ही मुद्दाम विंगवर ठेवायचो. कडा उभी असेल तर चेंडू ढकलला जातो, कडा गोलसर असेल तर बटण चेंडूवर चढतं आणि तिथेच बसतं. मग 'हा फाऊल की नाही' यावर वीस मिनिटं. ताईला रेफरी म्हणून बसवायचो. ती कंटाळून दोघांनाही लाल कार्ड द्यायची आणि अभ्यासाला निघून जायची.

८ जून १९९०. इटलीतल्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, अर्जेंटिना विरुद्ध कॅमेरून. रात्री साडेनवाला दूरदर्शन लावून बसलो, बाबांची फर्स्ट शिफ्ट म्हणून आवाज अगदी बारीक. ओमाम-बियिकचं हेडर गोलकीपरच्या हातातून निसटलं आणि मॅराडोनाचा अर्जेंटिना हरला, कॅमेरूनचे दोघं बाहेर काढलेले असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र हजर, हिरवी स्वेटरची बटणं मुठीत. खऱ्या कॅमेरूनचे दोघं गेले म्हणून यानेही आपली दोन बटणं उचलून खिशात टाकली आणि पाच बटणांत मला हरवलं! त्याच महिन्यात कोलंबियाचा गोलकीपर हिगिता गोल सोडून पार पुढे आला आणि ३८ वर्षांच्या रॉजर मिलाने त्याच्या पायातून चेंडू काढून गोल केला. आमच्याकडे लगेच नियम आला: एका मॅचमध्ये एकदाच काडेपेटीने गोल सोडून बाहेर यायचं. त्याला आम्ही 'हिगिता करणं' म्हणायचो.

पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा जरा हिरमोड झाला, कारण आमचा शोध आमचा नव्हताच. ब्राझीलमध्ये बटणांचा फुटबॉल रीतसर खेळला जातो, जेराल्डो देकूर यांनी त्याचे नियम १९३०मध्येच छापले. तिथेही जुने लोक गोली काडेपेटीचाच करत, आणि खेळाडू करवंटी घासूनसुद्धा. इंग्लंडमधला सबुटेओ, म्हणजे टिचकी मारून छोटी माणसं खेळवायचा टेबलावरचा फुटबॉल, तर जगभर गेला. पीटर अॅडॉल्फ या पक्षीवेड्या माणसाने तो १९४७मध्ये विकायला काढला. त्याला नाव 'हॉबी' ठेवायचं होतं, ट्रेडमार्क मिळेना, म्हणून त्याने हॉबी नावाच्या ससाण्याच्या शास्त्रीय नावातला शेवटचा शब्द उचलला. सुरुवातीला सेटमध्ये मैदानही नव्हतं. खडू मिळायचा आणि सूचना असायची, लष्करी ब्लँकेटवर आखून घ्या. खेळाडूच्या खालच्या बैठकीचा पहिला नमुना त्याने आईच्या कोटाच्या बटणावर वॉशर बसवून केला असं सांगतात. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो, का ते खाली येईलच.

फुसबॉलबद्दल थोडक्यात. हॅरल्ड थॉर्नटन या इंग्रजाने १९२३मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टेबल चांगलं असेल आणि समोर खेळणारा असेल तर मजा येते, पण मॉलमध्ये मुलं दांड्या पंख्यासारख्या गरागरा फिरवतात. स्पर्धेत तसं चालत नाही. चेंडू मारण्याआधी किंवा नंतर पूर्ण एक फेऱ्याहून जास्त फिरवली की फाऊल. शिवाय ते धूड ठेवणार कुठे? वन बीएचकेत मी तरी घेणार नाही. सबुटेओचा सेट मिळाला तर जरूर घ्या, फक्त ती माणसं नाजूक असतात. मूल सात वर्षांचं असेल तर दोन वर्षं थांबा. बटणं ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतील. कोटाची मोठी, चार भोकांची मागा आणि घेण्याआधी काउंटरच्या काचेवर एक टिचकी मारून बघा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

आता कोट. बाबांचा एकच कोट होता, लग्नातला, तपकिरी, ट्रंकेत डांबर गोळ्यांत ठेवलेला. त्याच्या पुढच्या बटणांसारखी जड, सपाट बटणं अख्ख्या डालड्याच्या डब्यात नव्हती. मी दोन कापून घेतली. एकावर ताईच्या लाल नेलपॉलिशने दहा नंबर काढला. तो माझा मॅराडोना, आणि तो मारला की गोलच. डिसेंबरात आतेभावाचं लग्न निघालं, कोट बाहेर आला, आणि मला काही बोलावंच लागलं नाही. बाबा म्हणाले, "आण ते बटण." बस, एवढंच. आईने आधी रॉकेलने घासलं, मग ब्लेडने खरवडलं, नंबर पुसट झाला पण गेला नाही. निघायची वेळ झाली होती. तसंच शिवलं.

२०१७मध्ये नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल बघायला मी आणि तो मित्र गेलो होतो. तो अर्थात मालीकडून. स्पेन ३-१ने जिंकला. बाहेर पडताना गर्दीत त्याने विचारलं, "काकांच्या कोटावर मॅराडोना आहे का रे अजून?"

आहे. लग्नाच्या अल्बममध्ये बाबा नवरदेवाशेजारी अगदी ताठ उभे आहेत, आणि पोटावर दहा नंबर.