नागपूरच्या आसपास डोंगर नाहीत, तर माउंटन बाईक घेण्यात अर्थ आहे का? की रस्त्यासाठीची, बारीक टायरची हायब्रिडच घेऊ?

घ्या, बिनधास्त एमटीबी, म्हणजे माउंटन बाईकच घ्या.

तुम्ही लिहिलंय की सकाळी अंबाझरीला चक्कर असते, रविवारी शहराबाहेर कच्च्या रस्त्यानं जायचं मनात आहे, आणि मित्र म्हणून राहिले की सपाट गावात एमटीबी म्हणजे नुसता शो. हेच वाक्य मी आमच्या साडूंकडून प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात ऐकत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. साडू पुण्याचे. रविवारी माउंटन बाईकनं सिंहगड चढतात आणि ते आपल्याला कळल्याशिवाय सोमवार उजाडत नाही. आमच्याकडे आले की पार्किंगमधली माझी एमटीबी बघून विचारतात, "हिला काय सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढवता का हो?" आता सिंहगडावर जाणारा रस्ता डांबरी, वरपर्यंत गाड्या जातात, तिथे चढायला यांना माउंटन बाईक काहून लागते हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, पण जाऊ द्या.

मुलगी आणि जावई नेदरलँड्समध्ये आर्नहेमला असतात. गेल्या खेपेला आम्ही ऑगस्टच्या शेवटी शेवटी तिकडे होतो आणि जावईबापू म्हणाले, बाबा, उद्या पोसबँकला येता का, तुमच्यासाठी भाड्यानं एमटीबी घेतो. मी म्हटलं तुमच्या देशात टेकडी तरी आहे का. तर तसं पाहिलं तर नाहीच. युरोपातल्या नेदरलँड्सचं सगळ्यात उंच टोक 322 मीटर, आणि आपलं नागपूर शहर आहे तिथल्या तिथे समुद्रसपाटीपासून 310 च्या आसपास. पोसबँक ही तिथली टेकडी तर जेमतेम 90 मीटर. हिमयुगात बर्फाच्या थरानं माती रेटत रेटत आणली आणि तिच्या लांब लांब टेकाडांच्या रांगा झाल्या, तेवढाच काय तो त्यांचा डोंगर. पण फेलुवेझोम म्हणून जे तिथलं नॅशनल पार्क आहे, 1930 चं, त्या देशातलं सगळ्यात जुनं, त्यात एमटीबीसाठी वेगळा रूट आखलेला आहे आणि खांबाखांबावर दोन गोल आणि एक त्रिकोण अशी खूण, ती बघत जायचं. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही.

पहिली दहा मिनिटं मी खुशीत. सगळीकडे जांभळं, हीदर नावाचं गुडघ्याच्या खाली राहणारं झुडूप असतं ते ऑगस्टमध्ये फुलतं, पार नजर जाईल तिथवर, मधूनच एखादा बर्च, आणि त्यातून हातभर रुंदीची वाट. मग वाट पाइनच्या जंगलात शिरली आणि खरा खेळ चालू झाला. चढ म्हणाल तर वीस-तीस पॅडल मारले की संपतो, पण संपला की लगेच उतार, उताराच्या खाली वळण, वळणात मुळं, आणि मुळांवरून सायकल सावरतो न सावरतो तोच पुढचा चढ छातीवर. घाटात कसं, एकदा गिअर लावला की तासभर तोच, दम एका लयीत चालतो. इथे लयच लागत नाही. उतारावर जेवढा वेग राखाल तेवढाच पुढचा चढ फुकट मिळतो, ब्रेक जास्त दाबला की तो सगळा पायानं भरून काढायचा. गिअर चढाच्या आधी टाकायचा, चढात टाकला की चेन कडकड करते आणि तुम्ही उभेच. मध्ये एक रेतीचा पट्टा आला, तिथे जावईबापू मागून ओरडले, बाबा हँडल फिरवू नका, वजन मागे घ्या आणि पॅडल थांबवू नका! बरोबर सांगितलं पोरानं, सायकल आपली आपण वाट काढत गेली. इतक्यात सत्तरीच्या घरातले एक आजोबा जुन्या हार्डटेलवर (फक्त पुढेच स्प्रिंग असलेली एमटीबी) शीळ वाजवत बाजूनं निघून गेले. दीड-दोन तासांनी मी सायकलवरून उतरलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या, आणि सगळ्या रस्त्यात मी शंभर मीटरच्या वर कुठे गेलोच नव्हतो.

एक गोष्ट तिथे जावयानं दाखवली ती सांगायची राहिली. हा माळ आपोआप माळ राहत नाही, सोडून दिला तर त्याचं हळूहळू जंगल होतं, म्हणून तिथे मेंढ्या आणि लांब केसांच्या स्कॉटिश गायी मुद्दाम चरायला सोडतात. आपल्या झुडपी जंगलात गावच्या शेळ्या हेच काम फुकटात करून राहिल्या आणि शिव्या खाऊन राहिल्या.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. साडूंचा रिप्लाय दोन मिनिटांत, "ही टेकडी? आमच्या पर्वतीएवढी तरी आहे का?" मी लिहिलं, 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग पहिल्यांदा आलं, पुरुषांचं पहिलं गोल्ड कोणत्या देशाला गेलं शोधा. बार्ट ब्रेन्टयेन्स, नेदरलँड्स. त्यावर साडूंनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

आता तुमचं. नागपूरच्या पश्चिमेला जा. हिंगण्याच्या पुढे झिल्पी तलावाकडे, किंवा कोंढाळी-काटोलच्या अंगाला, तिकडे सगळी बेसाल्टची बुटकी टेकाडं, मुरमाड बरड, पळस, बाभूळ, मध्ये सागाचे पट्टे, आणि गावागावाला जोडणाऱ्या पांदणी. पोसबँकसारखाच वर-खाली वर-खाली खेळ, फक्त हीदरच्या जागी कुसळ. मार्चमध्ये पळस फुलला की साडूंना फोटो पाठवायला मी खास जातो. पांदणीच्या फुफाट्यात तेच रेतीवालं तंत्र चालतं. सागाखाली मात्र सावकाश, जानेवारीनंतर पानांचा एवढा थर असतो की खाली दगड आहे का खड्डा काही दिसत नाही. कुही-मौद्याकडे गेलात तर तुमच्या मित्रांचं बरोबर, तिकडे सपाटच आहे.

हायब्रिडचं म्हणाल तर साधा हिशोब आहे. 29 इंची एमटीबी आणि 700 सी हायब्रिड, दोन्हीच्या रिमचा व्यास सारखाच, 622 मिलिमीटर. एमटीबीला उद्या बारीक गुळगुळीत टायर टाकून रस्त्यावर पळवता येते, पण बहुतेक हायब्रिडच्या फ्रेममध्ये 2.2 इंची जाड टायर जातच नाही. हार्डटेल घ्या, पुढचा स्प्रिंगवाला फोर्क 100 मिलिमीटर दबणारा पुष्कळ झाला, लॉकआउट (स्प्रिंग बंद करायची सोय) असलेला बघा म्हणजे डांबरावर हेलकावत नाही. हायड्रॉलिक ब्रेक परवडत असतील तर सोडू नका. दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली स्वस्तातली सायकल मात्र अजिबात नको, नुसतं वजन, चढावर तुमची निम्मी ताकद त्या स्प्रिंगा खातात. दुकानदार टायरमध्ये 50 पीएसआय हवा ठासून देईल, मुरमावर 30 च्या आसपास आणा, ट्यूब असेल तर त्याच्या फार खाली नको, दगडावर चिमटून फुटते. आणि बाभळीचे काटे बघता टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) टाकलंच पाहिजे, हा खर्च आधीच धरा.

हे आधी सांगायला पाहिजे होतं पण आता सांगतो. पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नका. पोसबँकची रेताड जमीन पाऊस पिऊन टाकते, आपली माती चाकाला कणकेसारखी चिकटते आणि टायर फोर्कमध्ये अडकून चाक फिरायचंच बंद होतं, मग सायकल तुमच्या खांद्यावर. मेमध्ये पारा 45 च्या वर, तेव्हा उजाडताना निघून आठच्या आत घरी. गोरेवाड्याच्या बाजूला बिबट्या आहे, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला तर वाघाचंच घर, वनखात्याची परवानगी नसेल तिथे शिरायचंच नाही, आणि झुडपी जंगल म्हणजे कोणाची जागा नाही असंही समजू नका, 2025 ला सुप्रीम कोर्टानं तेही जंगलच म्हटलंय. आखलेल्या, रुळलेल्या वाटेवरच राहा. शेतातून शॉर्टकट तर मुळीच नको, रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेली असते आणि पहाटे ती तार दिसत नाही. एकटे जाऊ नका. मोजे जाड घाला, कुसळ पातळ मोज्यातून आत शिरतं.

बाकी हायब्रिड वाईट असते असं माझं म्हणणं नाही. आमच्या घरी बायकोकडे आहे. ती वर्धा रोडनं जाते, ना काटा ना कुसळ, आणि मी पांदणीत पंक्चर काढत बसलेला असतो तेव्हा तिचा घरी दुसरा चहा चालू असतो.