व्हीएमच्या आतून काय दिसते, आणि सपोर्ट मागताना काय दाखवावे लागते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिरजेतील तुमच्या पतसंस्थेत दोन सर्व्हर आहेत, त्यांवर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय हे हायपरवायझर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) आहे आणि त्यावर विंडोज व लिनक्सच्या मिळून सात व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक, चालतात. आधीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेल्या शेल स्क्रिप्ट (आज्ञांच्या छोट्या फाइली) दर पाच मिनिटांनी ईमेल पाठवतात. मागच्या आठवड्यात मुख्य डेटाबेस मंदावला तेव्हा या स्क्रिप्टनी सर्व ठीक असल्याचे कळवले, आणि सॉफ्टवेअर पुरवठादाराने ‘तुमची ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल आहे, आधी खऱ्या सर्व्हरवर हाच त्रास दाखवा’ असे सांगून तक्रार बंद केली. आता स्क्रिप्ट बाजूला ठेवून महागडे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की आत्ता काही विकत घेऊ नका. कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यांचे आणि आसपासच्या काही सहकारी संस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो, आणि सात व्हीएमच्या पसाऱ्याला नीट लिहिलेल्या स्क्रिप्ट पुरतात हे मी खात्रीने सांगू शकतो. मात्र स्क्रिप्टकडून तुम्ही केवळ इशाऱ्याची अपेक्षा ठेवली आहे. दोष कोणत्या थरात आहे याचा पुरावा रोजच्या रोज साठवत राहणे हे त्यांचे त्याहून मोठे काम आहे, कारण व्हीएमवरील ऑपरेटिंग सिस्टीमसाठी सपोर्ट मागायची वेळ येते तेव्हा तोच पुरावा हाताशी लागतो.

डेटाबेस मंदावलेला असताना स्क्रिप्ट ‘सर्व ठीक’ का म्हणाली, ते आधी पाहू. तुमच्या स्क्रिप्ट गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, आत चालतात आणि गेस्टला जेवढे दिसते तेवढेच सांगतात. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी पाहणाऱ्या सांगलीकराला कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे हेही विचारावे लागते, नुसत्या पुलावरच्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. गेस्ट आणि होस्ट, म्हणजे ज्यावर व्हीएम चालतात तो सर्व्हर, यांचे नाते तसेच आहे. गेस्टला प्रोसेसर हवा आहे, पण होस्टवर दुसऱ्या व्हीएमनी तो अडवून ठेवला आहे, अशी वाट पाहण्याची वेळ ईएसएक्सआयमध्ये ‘रेडी’ या नावाने मोजली जाते आणि ती होस्टवरच दिसते. केव्हीएम या दुसऱ्या हायपरवायझरवर चालणाऱ्या लिनक्स गेस्टमध्ये व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या उत्तराच्या शेवटच्या भागातील ‘एसटी’ या स्तंभात याची चाहूल लागते. ईएसएक्सआयवर मात्र तो स्तंभ सहसा शून्यच राहतो, आणि त्या शून्यावर विसंबून लोक तासन्‌तास भलतीकडे शोध घेत बसतात.

कुपवाडच्या एका फाउंड्रीत पाळी बदलताना ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) अडखळत असे. गेस्टच्या आत प्रोसेसरचा वापर जेमतेम चाळीस टक्के दिसे. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या ताज्या आलेखात एक नोंद २० सेकंदांची, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांची असते. त्या व्हीएमची रेडी २४,००० मिलिसेकंद होती. हा आकडा आठही व्हर्च्युअल प्रोसेसरची बेरीज असल्यामुळे आठने भागल्यावर प्रत्येकी ३,००० मिलिसेकंद, म्हणजेच १५ टक्के वेळ केवळ ताटकळण्यात जात होता. प्रत्येक प्रोसेसरमागे ५ टक्क्यांपर्यंत सहसा चालून जाते, १० टक्क्यांच्या पुढे वापरणाऱ्याला त्रास जाणवतो. उपाय म्हणून त्या व्हीएमचे प्रोसेसर आठावरून चार केले आणि ईआरपी सुरळीत झाले. प्रोसेसर कमी केल्याने वेग वाढतो हे मालकांना पटवायला वेळ लागला, पण समोर ठेवायला आकडे होते.

हे आकडे स्क्रिप्टने उचलून ठेवणे का आवश्यक आहे, तेही सांगतो. व्हीसेंटर २० सेकंदांच्या नोंदी साधारण एक तासच ठेवते. पुढे त्यांची पाच मिनिटांची, मग अर्ध्या तासाची सरासरी होत जाते. सकाळी दहा मिनिटे बसलेला झटका दुसऱ्या दिवशी सरासरीत विरघळलेला असतो. म्हणून होस्टवर फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे खाते उघडा आणि पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या आज्ञासंचाच्या छोट्या स्क्रिप्टने रेडी, बलून झालेली (होस्टने गेस्टकडून परत घेतलेली) मेमरी, डेटास्टोअरमधील (व्हीएमच्या फाइली जिथे असतात त्या साठ्यातील) मोकळी जागा आणि स्नॅपशॉटचे (व्हीएमच्या एका क्षणाच्या जतन केलेल्या स्थितीचे) वय या चार गोष्टी नोंदवत राहा. ईएसएक्सआयवर एसएसएच (दुरून आज्ञा देण्याचा मार्ग) कायम उघडे ठेवून हे काम करू नका.

स्नॅपशॉटबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. पुरवठादार अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतो, अपडेट यशस्वी होते, आणि स्नॅपशॉट तसाच राहतो. त्यानंतरचे प्रत्येक लेखन वेगळ्या फाइलमध्ये जाते, ती फुगत राहते आणि एके दिवशी डेटास्टोअर भरून व्हीएम थबकते. गेस्टच्या आत मात्र शेवटच्या क्षणापर्यंत डिस्क निम्मी रिकामी दिसते. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस आहे. ७२ तास उलटताच इशारा देणारी स्क्रिप्ट आजच लावा. बाकीची कामे उद्या झाली तरी चालतील.

आता गेस्टमधील जुन्या स्क्रिप्टकडे वळू. तुम्ही दिलेल्या नमुन्यात डीएफ या डिस्कवरील जागा सांगणाऱ्या आज्ञेच्या उत्तरातील पाचवा स्तंभ उचलला आहे. जुन्या लिनक्सवर एलव्हीएमने (डिस्कचे विभाग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) दिलेले विभागाचे नाव लांबले की डीएफ ती ओळ दोन ओळींत मोडते, स्तंभ सरकतात आणि टक्केवारीच्या जागी भलतेच काही वाचले जाते. ‘पी’ हा पर्याय जोडल्यास ओळ मोडत नाही. दुसरे असे की बॅकअपची एनएफएस जागा (नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या यंत्रावरची डिस्क) बंद पडली असेल तर डीएफ उत्तराची वाट पाहत अडकून बसतो. पाच मिनिटांनी क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारी सेवा) दुसरी प्रत सुरू करतो, मग तिसरी, आणि लोड अॅव्हरेज (खोळंबलेल्या व चालू कामांची सरासरी) विनाकारण चढत जातो. स्थानिक डिस्कसाठी ‘एल’ हा पर्याय वापरा, एनएफएसची तपासणी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये टाइमआउट लावून करा आणि फ्लॉक या कुलूप लावणाऱ्या आज्ञेने एका वेळी एकच प्रत चालेल असे पाहा. जागेबरोबर आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) तपासा. लहान लहान फाइलींनी ते संपले की जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही.

दर पाच मिनिटांनी येणारी ‘सर्व ठीक’ ईमेल बंद करा, ती कोणी वाचत नाही. त्याऐवजी प्रत्येक स्क्रिप्टने शेवटी एका मध्यवर्ती जागी वेळेची नोंद करावी आणि ती नोंद पंधरा मिनिटे जुनी झाली तर दुसऱ्या यंत्राने ओरड करावी. हे दुसरे यंत्र त्याच होस्टवरची व्हीएम असता कामा नये. शाखेतला एखादा जुना डेस्कटॉपही पुरतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा अनुभव असलेल्या आपल्या भागात तो मुख्य इमारतीबाहेर असावा, हे वेगळे सांगायला नको. स्क्रिप्टचा निकाल नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या पद्धतीने द्यावा, म्हणजे ठीक असल्यास ०, सावधानतेस १, गंभीर स्थितीस २ आणि तपासताच आले नाही तर ३. पुढे कधी नागिओस किंवा तत्सम काही बसवले तर याच स्क्रिप्ट फारसा बदल न करता त्याला जोडता येतील.

पुरवठादाराच्या उत्तराने तुम्ही दुखावला आहात, ते समजण्यासारखे आहे. तरी व्हर्च्युअल आहे एवढ्यावरून तक्रार बंद करणे सहसा टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने २००८ पासून इतर कंपन्यांचे हायपरवायझर तपासून मान्य करण्याची योजना चालवली आहे, आणि मान्य यादीतील जोडीवर विंडोज सर्व्हरला सपोर्ट मिळतो. लिनक्स पुरवणारी रेड हॅटही प्रमाणित हायपरवायझरवर आपली प्रणाली सांभाळते. ओरॅकलचे व्हीएमवेअरबाबतचे धोरण मात्र खरोखर कडक आहे: अडचण मूळ प्रणालीवरही येते हे आधीपासून ज्ञात असेल, किंवा ती व्हर्च्युअलायझेशनमुळे आलेली नाही हे तुम्ही दाखवून दिलेत, तरच पुढची मदत मिळते. तुमचा डेटाबेस ओरॅकलचा असेल, तर पुरवठादाराच्या बोलण्याचे मूळ इथे असू शकते. अशा वेळी रेडी दोन टक्के होती, बलून शून्य होता, डेटास्टोअरचा विलंब नेहमीइतकाच होता, असा त्या मिनिटाचा लेखी पुरावा तुमच्याकडे असेल तर संभाषणाचा सूर बदलतो. आणि रेडी पंधरा टक्के निघाली, तर पुरवठादाराचे म्हणणे बरोबर होते हे घरातच कळते आणि दोन आठवड्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

तक्रार नोंदवताना घटनेची नेमकी वेळ, सार या लिनक्समधील साधनाने ठेवलेल्या वापराच्या नोंदी, लिनक्स गेस्टमधून एसओएस रिपोर्ट (प्रणालीच्या माहितीचा एकत्र संच) आणि होस्टवरून व्हीएम-सपोर्ट या आज्ञेने तयार होणारा लॉगचा गठ्ठा एकदमच जोडा. मागितल्यावर एकेक पाठवले तर प्रत्येक फेरीत दिवस जातो. या सर्व नोंदींची घड्याळे जुळलेली हवीत. गेस्टमध्ये क्रॉनी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) चालू असेल तर व्हीएमवेअर टूल्स या गेस्टमध्ये बसवलेल्या साधनसंचातील नियमित वेळजुळवणी बंद ठेवा, दोघांनी एकाच घड्याळाला हात लावू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. त्यामुळे या कामासाठी व्यवस्थापनाकडून जागा व वेळ मागताना तुमची बाजू भक्कम आहे.

शेवटी आवृत्त्यांविषयी. पुरावा कितीही चांगला असला तरी साखळीतील एक कडी मुदतबाह्य असेल तर सपोर्ट तिथेच थांबतो. सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ ला संपली, विंडोज सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ ला, ईएसएक्सआय ६.७ ची १५ ऑक्टोबर २०२२ ला आणि ईएसएक्सआय ७ ची २ ऑक्टोबर २०२५ ला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, त्यामुळे तुमच्याकडील परवान्यावर सपोर्टचा करार अजून चालू आहे का, हे कागद काढून पाहा. एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) नूतनीकरण करताना सर्व्हर, हायपरवायझर, गेस्ट आणि डेटाबेस या चौघांच्या नेमक्या आवृत्त्या लिहून ‘या जोडणीला सपोर्ट आहे’ असे पुरवठादाराकडून लेखी घ्या. डेटाबेसची व्हीएम कोणत्या प्रणालीवर आहे आणि होस्टवर ईएसएक्सआयची कोणती आवृत्ती आहे हे इथे कळवलेत, तर आधी होस्ट बदलावा की गेस्ट, यावर पुढे नेमके लिहिता येईल.