रंग उडाला, पुढे काय?

प्रिय मुली,

उन्हाच्या मदतीने पाण्यातला रंग तोडायच्या तुझ्या प्रयोगाचा आलेख पाहिला. कॅटॅलिस्ट म्हणून लोह डोप केलेलं, म्हणजे थोडं लोह मिसळलेलं, टायटॅनियम डायऑक्साइड, दोन तास ऊन, आणि पाण्यातल्या मिथिलीन ब्लूचा निळा रंग जवळजवळ गेलेला. मनापासून आनंद झाला. पण पेपर लिहायला घेऊ नकोस अजून.

शुद्ध ॲनाटेझचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या या स्फटिकरूपाचा, बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. साधारण 388 नॅनोमीटरच्या आतला प्रकाशच त्याला चालतो आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून डोपिंग, दृश्य प्रकाशही चालावा यासाठी. पण लोह जास्त झालं की प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, हे लोहापाशीच एकमेकांत विरून जातात, पाण्यातल्या रेणूपर्यंत काही पोचत नाही. तू थेट 5 टक्के घेतलंस. 0.1 आणि 0.5 करून बघ.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एक रंगहीन झालेली बंद नळी मोठ्या अभिमानाने गाइडना दाखवायला नेली होती. झाकण उघडून हलवली आणि पाणी पुन्हा निळं झालं! रंगाचा रेणू तुटलाच नव्हता. तो ल्युको, म्हणजे रंगहीन, रूपात गेला होता, हवेतला ऑक्सिजन मिळताच परत आला. तेव्हापासून नुसत्या 664 नॅनोमीटरच्या शिखरावर (मिथिलीन ब्लू सर्वात जास्त प्रकाश शोषतं त्या जागी) मी विश्वास ठेवत नाही. टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोज. कार्बन खरंच कमी झाला का, ते तिथे कळेल. शिवाय मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषून टायटॅनियाला (टायटॅनियम डायऑक्साइडला) इलेक्ट्रॉन देतं. म्हणजे श्रेय डोपिंगचं की रंगाचं, हे सांगता येत नाही. फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ घेऊन तोच प्रयोग कर. रंग कणांना नुसता किती चिकटतो ते दाखवणारा अंधारातला अर्धा तास आणि नुसत्या उन्हाने किती जातो ते दाखवणारा कॅटॅलिस्टशिवायचा ब्लँकही तुझ्या वहीत दिसला नाही.

इचलकरंजीच्या कापड-रंगाईच्या सांडपाण्यासाठी हे वापरायचं, असं तू लिहिलंस. तुझी तळमळ मला कळते, पंचगंगेच्या काठचे लोक ते पाणी वर्षानुवर्षं बघत आलेत. पण सुताला तिथे बहुतेक रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) लागतात, सोबत भरपूर मीठ आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट). त्या अल्कली पाण्यात टायटॅनियाचा पृष्ठभाग ऋणभारित होतो, रंगाचे सल्फोनेट गटही ऋणभारित, त्यामुळे रंग कणापासून दूरच राहतो. वर कार्बोनेट रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. डिस्टिल्ड वॉटरमधल्या मिथिलीन ब्लूला यातलं काहीच सोसावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 हा तसलाच रंग घे, त्यात मीठ आणि सोडा घाल, आणि आकडे कितीही पडले तरी तसेच घेऊन ये. एकत्र बसून बघू.

तुझा,
सर