वाचकांचे प्रश्न : उताराच्या जागेचे त्रिमितीय चित्र

प्रश्न : दापोली तालुक्यातील ४० गुंठे उताराच्या जागेवर होणाऱ्या घराची त्रिमितीय दृश्ये मी तयार करीत आहे. मागे डोंगर आणि समोर समुद्र दाखवायचा आहे. जमिनीच्या उंचीची माहिती व आकाशातून घेतलेली छायाचित्रे कोठे मिळतील? गूगल अर्थवरून घेतली तर चालतील का?
– एक वास्तुविशारद, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : घर जिथे उभे राहणार तो भूखंड आणि त्याच्या मागेपुढे दिसणारा परिसर, या दोहोंसाठी वेगवेगळी माहिती लागते. विनामूल्य मिळणारी माहिती परिसरासाठी उत्तम आहे. भूखंडासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

परिसरासाठी इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेले कार्टोडेम हे जमिनीच्या उंचीचे मॉडेल मिळते. अमेरिकेने फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीचे एसआरटीएम आणि युरोपचे कोपर्निकस जीएलओ-३० हेही खुले आहेत. सह्याद्रीच्या कड्यांसाठी मी कोपर्निकस निवडेन, कारण त्यातील मोजणी नंतरची, २०११ ते २०१५ मधील आहे. मात्र या तिन्हींत सुमारे ३० मीटरच्या चौकोनामागे उंचीचा एकच आकडा असतो. आपले ४० गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजेच आपली सगळी जमीन जेमतेम साडेचार आकड्यांत उरकते. शिवाय जिथे दाट झाडी आहे तिथे ही उंची जमिनीची नसून बरीचशी आंबा-काजूच्या शेंड्यांची असते, आणि जांभ्याचे गडगे किंवा उतारावरचे टप्पे तर त्यात दिसतच नाहीत. भूखंडासाठी टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणारे मोजणीदाराचे उपकरण) मोजणी करून अर्ध्या मीटरचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, घ्यावेत. जोत्याची पातळी ठरवताना ते लागणारच आहेत, तेव्हा हा खर्च केवळ चित्रासाठी होतो असे मालकांना वाटू देऊ नये.

दोन्ही माहिती जोडताना उंचीचा आधार तपासावा. कार्टोडेममधील उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते; त्यामुळे कोकण किनाऱ्यावर समुद्राचे पाणी उणे ६० मीटरच्याही खाली दिसते. हा फरक दुरुस्त न करता मोजणीदाराचे कंटूर त्यावर ठेवले, तर घर हवेत तरंगते. क्यूजीआयएस या नकाशांच्या विनामूल्य संगणकप्रणालीत सर्व थर यूटीएम ४३ उत्तर या पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या एकाच सहनिर्देशक पद्धतीत, आणावेत. स्केचअपसारख्या त्रिमितीय चित्रांच्या प्रणालीत नेण्यापूर्वी आरंभबिंदू भूखंडाच्या एका कोपऱ्यावर सरकवावा, अन्यथा लाखांतील सहनिर्देशकांमुळे रेषा थरथरतात. उंचीचे करड्या छटांतील चित्र १६ बिटमध्येच काढावे. ८ बिटमध्ये केवळ २५६ छटा असतात, त्यामुळे ५०० मीटर उंचीच्या डोंगराला दोन-दोन मीटरच्या पायऱ्या पडतात.

छायाचित्रांपैकी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या, एका ठिपक्यात १० मीटर जागा दाखवणाऱ्या प्रतिमा विनामूल्य आहेत आणि दूरच्या डोंगराला पुरतात. महिना मात्र पाहून निवडावा : ऑगस्टमधला हिरवागार सडा (जांभ्याचे पठार) एप्रिलमध्ये करपून तांबूस झालेला असतो. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, त्यामुळे हिवाळ्यातील प्रतिमेत कड्यांच्या सावल्या वायव्येकडे पडलेल्या असतात. आपल्या चित्रात सूर्यास्त दाखवायचा असेल, तर घराची सावली पूर्वेकडे आणि डोंगराची भलतीकडे असा प्रकार होतो, आणि कोकणातल्या घराच्या चित्रात सूर्यास्त हटकून असतोच!

गूगल अर्थचे चित्र श्रेयओळ कायम ठेवून संदर्भासाठी दाखवणे वेगळे आणि त्यातील उंची व आकार उपसून आपल्या मॉडेलमध्ये घालणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला त्यांच्या अटींची परवानगी नाही.

भूखंडाच्या जवळच्या दृश्यासाठी ड्रोनने ऑर्थोफोटो, म्हणजे नकाशासारखे मापात बसवलेले वरून घेतलेले छायाचित्र, करून घ्यावा. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते आधी पाहावे. ड्रोन २५० ग्रॅमहून जड असल्यास व्यावसायिक कामासाठी चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे. सावल्या आखूड राहाव्यात म्हणून उड्डाण दुपारी बाराच्या सुमारास ठेवावे, आणि त्यापूर्वी मोजणीदाराकडून जमिनीवर चार-पाच ठिकाणी चुन्याच्या फुल्या मारून त्यांची उंची व स्थान नोंदवून घ्यावे, म्हणजे छायाचित्र आणि कंटूर नेमके एकमेकांवर बसतात.