मल्लखांबावरून बॅलेकडे निघालेल्या मुलास

सांगली

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोबतचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. बॅलेची कुठली परीक्षा दिली म्हणजे परदेशातल्या कंपनीत घेतात, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर आधी देते, कारण या एका गैरसमजापायी चांगल्या मुलांची ऐन उमेदीची वर्षं वाया जातात.

परीक्षेवर कुणी घेत नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा आपल्याकडे सगळ्यांत माहितीच्या. ही संस्था १९२०ची. तिच्या व्यावसायिक तयारीच्या परीक्षा इंटरमीडिएट फाउंडेशनपासून सुरू होतात. मग इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड फाउंडेशन, अॅडव्हान्स्ड वन आणि टू, आणि या शेवटच्या परीक्षेत डिस्टिंक्शन मिळवणाऱ्यांसाठी सोलो सील ही सगळ्यांत वरची परीक्षा. यातल्या पहिल्या परीक्षेला बसायला किमान वय ११ वर्षं लागतं. यावरून काय ते समज, तिकडची मुलं मिसरूड फुटायच्या आत यातल्या बऱ्याच पायऱ्या चढून गेलेली असतात. परीक्षा चांगल्याच आहेत. आपण कुठवर आलोय ते त्यातून कळतं, पुढे कधी शिकवायचं ठरवलंस तर उपयोगही होईल. पण ऑडिशनला गेलास की छातीवर नंबर लावतात आणि बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांडीला, हात धरून उभं करतात. साधे प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, साधे तांद्यू, म्हणजे पाय सरकवणं. पुष्कळांना तेवढ्यावरच घरी पाठवतात. तुझी सर्टिफिकेटांची फाइल तिथे कुणी उघडत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की बारावी झाली की मुंबई गाठ आणि जिथे रोज शिक्षकाच्या नजरेखाली वर्ग होईल अशा ठिकाणी निदान दोन वर्षं काढ. आणि तोवरचे हे महिने इथेच, तासगावात आणि सांगलीत, पाय घडवण्यात घाल.

रोज म्हणजे खरोखर रोज. शनिवार-रविवारच्या वर्गावर हौस भागते, आणि हौसेत कमीपणा काहीच नाही, पण तुला यावर पोट भरायचं आहे. मोठ्या कंपन्यांतले आघाडीचे नर्तकसुद्धा सकाळी वर्गाला उभे राहतात. साधारण दीड तासाचा वर्ग, त्यातला जवळजवळ निम्मा वेळ बारला हात ठेवून, मग बार सोडून हॉलच्या मध्यावर, म्हणजे सेंटर, मग चकऱ्या, छोट्या उड्या, मोठ्या उड्या. व्यावसायिक शाळांत त्यावर पुन्हा मुलग्यांचा वेगळा वर्ग असतो, जोडीनं नाचायचा पा द दचा वर्ग असतो, जुन्या बॅलेंमधले भाग बसवतात, कंटेम्पररी असतं, ताकदीचे व्यायाम असतात. दिवस त्यातच मावळतो. हे मोबाइलवर बघून का होत नाही, ते तुझ्याच व्हिडिओवरून दाखवते.

उजवा पाय पुढे तांद्यू करतोस तिथे व्हिडिओ थांबव. तांद्यू बघायला काहीच नसतं. सरळ पाय जमिनीवरून पुढे सरकतो आणि परत येतो. पण टाच पुढे रेटत आधी ती सुटली पाहिजे, मग चवड्यानं जमीन दाबत जायचं, आणि शेवटी बोटं लांबवायची. परतताना उलटं, म्हणजे बोटं, चवडा, टाच. तू मधलं सगळं गाळून पाय एकदम टोकावर नेऊन ठेवतोस. बोटं मुडपतात आणि पाऊल घोट्यातून आत वळतं. आता नजर डाव्या पायावर ने, ज्यावर तू उभा आहेस. कमान खाली बसली आहे, करंगळी जमिनीवरून सुटली आहे आणि गुडघा अंगठ्याच्याही आत पडतो आहे. दोन्ही पावलं पार आडवी, एका रेषेत दिसावीत म्हणून तू ती तशी ओढून ठेवली आहेस.

पाय असे बाहेर वळवणं म्हणजे टर्नआउट, आणि तो खुब्यातून येतो. खुब्याच्या हाडांची ठेवण ज्याची त्याची असते, कसून मेहनत केली तरी ती एका मर्यादेपलीकडे बदलत नाही. खुब्यातून जेवढं वळतं तेवढं तुझं. उरलेलं गुडघ्यातून आणि घोट्यातून पिळून आणलं की आरशात शोभून दिसतं आणि पुढे गुडघा बोलायला लागतो. पावलांमधला कोन आजच कमी कर. प्लिए घेताना गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या वर राहिला पाहिजे आणि तिन्ही टेकू, म्हणजे टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, जमिनीला लागलेले पाहिजेत. असं केलंस की पाय पूर्वीपेक्षा कमी उघडलेला दिसेल आणि तुला वाईट वाटेल. वाटू दे. जाणकार परीक्षकाला त्यातला खरेपणा लगेच दिसतो.

मी ही एक गोष्ट इतकी लांबवते आहे, कारण उडीही याच पावलातून निघते आणि याच पावलावर उतरते. मल्लखांबावरून तू गादीवर उतरतोस, आणि संच संपला की एकदाच. अलेग्रोमध्ये, म्हणजे बॅलेतल्या उड्यांच्या भागात, तीच उतराई एका पाठोपाठ एक, बोटं-चवडा-टाच या क्रमानं, आवाज न करता करायची असते. तू लिहितोस की घराच्या ओट्यावर सराव करतोस. बार खुशाल कर, पण शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर उड्या अजिबात नकोत. नर्तकांच्या हॉलमध्ये लाकडी जमिनीखाली पोकळी ठेवलेली असते आणि वर व्हिनाइल अंथरतात, ते दिसण्यासाठी नव्हे. कडक जमिनीवर नडगी आणि पावलाची लांब हाडं बारीक तडकतात, आणि तशी हाडं जुळेपर्यंत महिने जातात. लाकडी बॅडमिंटन कोर्ट मिळालं तर सकाळी रिकामं असताना विचारून बघ. नाही मिळालं तर उड्या मुंबईत शीक, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

मल्लखांब सोडू का, असंही विचारलं आहेस. सोडू नकोस, कमी कर. त्यानं तुला दिलंय ते मुंबईतल्या पुष्कळ मुलांकडे नसतं. पकड आहे, पाठ आहे, उलटं लटकूनही आपण कुठे आहोत याचं भान सुटत नाही, आणि अढीमुळे, म्हणजे खांबाला पायांनी घातलेल्या पकडीमुळे, मांड्यांच्या आतल्या बाजूला जी ताकद आली आहे ती टर्नआउट धरून ठेवायला लागतेच. पा द दमध्ये मुलीला डोक्यावर उचलायचं असतं, तिथेही ही कमाई कामी येईल. मात्र जोर लावताना तुझे खांदे कानाशी जातात, ते खाली ठेवायला शीक. आणि उचलणं पायांतून आणि पोटातून व्हायला हवं. कंबर मागे वाकवून वजन घेणाऱ्या तरुण मुलांच्या कमरेच्या मणक्याला चीर पडते. बागेत द्राक्षांचे क्रेट उचलतानाही गुडघ्यात वाकूनच उचलत जा, तीच सवय पुढे लागणार आहे.

आता वयाचं. सतरा हे मुलीसाठी फार उशिराचं झालं असतं. मुलग्यांना पॉइंट शूज घालून बोटांच्या टोकांवर चढायचं नसतं, मोठ्या उड्यांची आणि उचलण्याची ताकद वयात आल्यावरच येते, आणि बॅलेत मुलगे कमी असतात. दिल्लीच्या ई-रिक्षा चालवणाऱ्या घरातला कमल सिंह सतराव्या वर्षी सुरू करून २०२० साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या अभ्यासक्रमात निवडला गेला. त्याआधी मुंबईचा आमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलला गेला, आणि त्याच्याच बरोबरचा मनीष चौहान अमेरिकेत ओरेगन बॅले थिएटरपर्यंत पोचला. ते दोघे मुंबईत येहुदा माओर यांच्या हाताखाली तयार झाले. ही नावं घेते ती तुला स्वप्नं दाखवायला नव्हे. या तिघांनीही आधी भारतातच, एका शिक्षकापाशी ठाण मांडून, दिवसच्या दिवस काढले, ते तू बघावंस म्हणून. परदेश त्यानंतर आला.

म्हणून मुंबईत वर्ग निवडताना हॉल, आरसे, जाहिराती यांवर भुलू नकोस. आधी एक वर्ग नुसता बसून बघू द्या म्हणून सांग. शिक्षक मुलांना हात लावून, नाव घेऊन दुरुस्त करतात का ते बघ. आठवड्यात किती दिवस वर्ग आहे, मुलग्यांसाठी वेगळा तास आहे का, दुखापत झाल्यावर काय करतात, हे विचार. पहिल्याच महिन्यात संमेलनाचा नाच बसवायला घेणाऱ्या ठिकाणी थांबू नकोस. आणि एक नीट समजून घे. परदेशातला पैसे भरून केलेला उन्हाळी वर्ग म्हणजे प्रवेश नव्हे, आणि काही कंपन्यांच्या ट्रेनी जागांसाठी पगार मिळण्याऐवजी आपल्यालाच फी भरावी लागते. पत्र हातात आलं की सही करण्याआधी मला दाखव.

अण्णांचा राग मला कळतो. 'मुलानं नाचायचं?' हा प्रश्न त्यांनी एकट्यानं काढलेला नाही. त्यांना सांग, की बॅले वाढलं ते राजाच्या दरबारात. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचायचा आणि १६६१ मध्ये त्यानंच नृत्याची अकादमी काढली. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये, तोवर तिथे पुरुषच नाचत होते. आणि आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा सीतेचं काम तरी कुणी केलं? पुरुषानंच. पण खरं सांगू का, अण्णांना इतिहासापेक्षा पैशाची काळजी जास्त आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल. एप्रिलची खरड छाटणी केली की त्या हंगामात द्राक्षाचा एक मणी हाती येत नाही, तरी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड किती लागणार ते त्या एप्रिलच्या काड्यांवरच ठरतं. मुंबईची दोन वर्षं तशी आहेत, हे त्यांना समजेल.

त्यांच्यापासून काही लपवू नकोस मात्र. आपल्या देशात बॅलेवर पगार देणाऱ्या जागा नगण्य आहेत. बाहेर जागा मिळाली तरी सुरुवात अप्रेंटिसपासून किंवा समूहातून होते, आणि शरीर साथ देतं ते साधारण पस्तिशीपर्यंत. पॅरिस ऑपेरासारख्या ठिकाणी नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात. दोन वर्षांनी मुंबईचे शिक्षक म्हणाले की क्लासिकल बॅलेत तुझं जमणार नाही, तर तोही निर्णय ऐकायची तयारी ठेव. बंगळुरूची अट्टक्कलरी ही १९९२ मध्ये सुरू झालेली संस्था समकालीन नृत्याचं शिक्षण देते, तिथे तुझ्यासारखं शरीर वाया जाणार नाही.

खर्चाचं पुढचं पुढे बघू. प्री द लोझान ही स्पर्धा १९७३पासून चालते, १५ ते १८ वयाच्या मुलांना घेते आणि जिंकणाऱ्याला नावाजलेल्या शाळेत शिकायची शिष्यवृत्ती देते, पण तुझ्या वयाचं गणित बघता तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. लोकांकडे मागायची वेळ आली तर लाजू नकोस. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला लोकांनीच वर्गणी काढून दिली होती. कमल सिंहचाही लंडनचा खर्च असाच लोकांच्या मदतीतून उभा राहिला.

जेवणाबद्दल तुझ्या आईनं मला वेगळा फोन केला होता. तू रात्रीची भाकरी बंद केली आहेस म्हणे, बारीक दिसायला. ती आजपासून सुरू कर. मेहनत वाढवून खाणं कमी केलं की हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरून येत नाहीत, आणि हे फक्त मुलींचं दुखणं नाही. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे घरात आहे ते पोटभर. दोन दिवसांत न उतरणारं दुखणं आलं तर तेल चोळत बसू नकोस. मिरजेला हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हाकेच्या अंतरावर आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन वर्ग बघून ये. रात्रीच्या महालक्ष्मीनं निघालास की सकाळी तिकडे. अण्णांनाही सोबत ने, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तो हॉल आणि तिथली घाम गाळणारी मुलं बघितलेली बरी. दादरला माझ्या मावसबहिणीकडे राहायची सोय होईल, मी तिला सांगून ठेवते. आणि बारावीचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली असेल, तो भरलास की मला कळव.

तुझी
ताई