पोटमाळ्याची भट्टी

प्रश्न: आमचं मुळशीत शेतावर घर आहे, लाईट आलेली नाही, सगळं सोलर आणि बॅटरीवर. वर पत्रा, खाली लाकडी पोटमाळा, बॅटरी पण तिथेच. मे महिन्यात दुपारी खालच्या खोलीत बसवत नाही आणि पंखा चालू ठेवला की रात्री बॅटरी झोपते. अजून एक पॅनल घ्यावं की माळ्याला थर्माकोल मारून घ्यावं?

उत्तर: ताई, पॅनलचे पैसे सध्या राहू द्या, कारण पंखा वाढवून तुम्ही तीच तापलेली हवा फिरवणार. थर्माकोल तर नकोच, उंदीर कुरतडतात आणि वायरिंगजवळ पेट घेतं.

आधी पत्रा बाहेरून पांढरा करा. मग आतून वाशांना खालच्या बाजूने अॅल्युमिनियम फॉइल लावा, चकचकीत बाजू खाली. पत्र्याला चिकटवायचं नाही हं, मधे निदान इंचभर पोकळी पाहिजे, टेकलं की पत्र्याची उष्णता सरळ फॉइलमधून खाली येते आणि पैसे वाया. आणि समोरासमोरच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर झरोके ठेवा, जाळी लावून, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर पडेल.

एवढं करूनही भागलं नाही तर माळ्याच्या फळ्यांवर ५० मिमी जाडीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी) अंथरा, मास्क आणि हातमोजे घालून. पत्र्याला लागून मात्र नको. आमच्याकडे मिस्त्रीने ग्लासवूल (तशीच, पण काचेच्या तंतूंची गादी) पत्र्याला घट्ट लावून दिलं होतं, जुलैत सहज हात लावला तर ओल्या गोधडीसारखं लागलं, दाबलं की पाणी, कारण रात्री पत्रा गार होतो आणि त्याला आतल्या बाजूने दव धरतं, ते सगळं त्यात मुरलेलं. भिजलेलं वूल काही कामाचं नाही, सगळं काढून टाकावं लागलं, फार वाईट वाटलं.

बॅटरी आजच खाली आणा, हवेशीर कोपऱ्यात. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मं होतं, म्हणजे तुमचं खरं नुकसान माळ्यावर चाललंय. पंखा पण बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या, जुना ७५ वॅट खातो, हा साधारण ३०.

फॉइल लावायच्या आधी एकदा भर दुपारी माळ्यावर जाऊन दार लावून घ्या, अंधारात पत्र्याची भोकं ताऱ्यांसारखी दिसतात, प्रत्येकाभोवती खडूने गोल करा आणि पावसाआधी ती बुजवून घ्या.