जुन्या विनोदी नाटकात पुरुषाची भूमिका बाईने केली तर नाटक बिघडतं का?

नाही बिघडत. पण नुसत्या मिशीवर हशा काढायला गेलात तर हमखास बिघडतं.

ही नव्या दिग्दर्शकांची थेरं आहेत, असा तुमच्या प्रश्नाचा रोख आहे. मला ते पटत नाही. उलट्या बाजूने, म्हणजे पुरुषाने बाईचं काम करणं, आपल्याकडे जुनंच आहे. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून केळकरांनी 'त्राटिका' लिहिलं, तेव्हा शाहूनगरवासी नाटक मंडळीत त्राटिका केली बाळाभाऊ जोगांनी. 1916 साली देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधली रेवती म्हणजे बालगंधर्व. आणि आपल्या मराठवाड्यात तर पैठणच्या नाथांनीच 'मला दादला नको गं बाई' हे गाऱ्हाणं बाईच्या तोंडून मांडलं. सप्त्यात आजही एखादा बाप्या डोक्यावर पदर घेऊन ते भारूड म्हणतो, आणि समोरच्या म्हाताऱ्या डोळे पुसेपर्यंत हसतात.

लंडनच्या नॅशनल थिएटरने 2017 मध्ये शेक्सपिअरचं 'ट्वेल्थ नाइट' करताना याच्याही पुढे जाऊन पात्रच बदललं. मॅल्व्होलिओ या कारभाऱ्याची मॅल्व्होलिया झाली, टॅम्सिन ग्रेगने ती केली. मालकिणीचं आपल्यावर प्रेम आहे, असं खोट्या चिठ्ठीवरून समजून ती पिवळे मोजे घालून येते. बाईचा बाईवर जीव जडलेला, म्हणून पुढची तिची टिंगल फार लागते.

आम्ही लातूरला युवक महोत्सवासाठी 'संशयकल्लोळ'मधला तसबिरीचा प्रवेश बसवला, तेव्हा त्यातला संशयी नवरा, फाल्गुनराव, एका मुलीला दिला होता. आधी पोटाला उशी, जाड आवाज, मिशी असं सगळं केलं. एंट्रीला हशा आला, मग सगळं थंड. शेवटी धोतर-कोट तेवढा ठेवला, बाकी काढून टाकलं. बायकोच्या, म्हणजे कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसताच या मुलीचा हात आधी पुढे जायचा, मधेच थांबायचा, मग उपरण्याची गाठ चाचपायचा. तोंडातून शब्द नाही. तिथे जो हशा आला तो संशयी नवऱ्याला होता! पुरुष नट हेच करतो तेव्हा त्याला थोडी सहानुभूती मिळून जाते. तिने ती मिळू दिली नाही, आणि मला देवल तिथे जास्त कळले.

तुम्ही करणार असाल तर फाल्गुनरावापासूनच सुरुवात करा, संवादाला हात लावू नका. नायक अश्विनशेठ मुलीला द्यायचा मोह होईल, पण त्याची पदं तिच्या पट्टीत बसवावी लागतात. पेटीवाला आणि तबलजी पहिल्या तालमीपासून सोबत असतील तरच त्या वाटेला जा.